रोवणीची रजा

शामकलाच्या मते त्या शाळेत सगळ्यात मोठा माणूस चैतराम होता, आणि तिच्या जागी तुम्ही असता तर तुम्हालाही तसंच वाटलं असतं. चैतरामच्या अंगात खाकी कोट होता, कोटावर पितळेचा बिल्ला होता आणि डोक्याला पांढराशुभ्र फेटा. पटांगणातल्या कडुलिंबाला रेल्वेच्या रुळाचा एक तुकडा टांगलेला होता. चैतराम तो हातोड्याने ठोकायचा, आणि त्याने ठोकला रे ठोकला की शिकवणारे सर तोंडातलं वाक्य तोंडातच ठेवून वर्गाबाहेर पडायचे. दुसरे आत यायचे. पुन्हा ठोका पडला की तेही निमूट उठायचे. ज्याच्या हातोडीवर सात-सात मास्तर नाचतात तो मोठा नाही, तर काय कागद वेचणारा मोठा?

कागद वेचणारा एक म्हातारा तिथे होताच. धोतर नेसलेला, बगलेत छत्री, व्हरांड्यातून जाताना पोरांनी टाकलेले चिटोरे वाकून उचलणारा. शामकलाला वाटलं, झाडलोटीला ठेवलेला असेल बिचारा. एकदा तर तिने स्वतःच्या पायाजवळचा कागद उचलून त्याच्या हातात दिला, आणि त्याने हसून घेतला. हेच शाळेचे मुख्याध्यापक, हे तिला कोणी सांगितलं नव्हतं. सांगायची गरज कोणाला वाटली नव्हती. शहाण्या माणसांचा हा एक जुना रोग आहे, आपल्याला जे ठाऊक ते जगाला ठाऊकच असणार असं ते धरून चालतात.

गोष्ट सत्तावन्न सालची. शामकला मुर्रीची. मुर्रीहून गोंदियाचं हायस्कूल चालत पाऊण तासावर, पण तिला ते पाऊण तासात गाठता येत होतं एवढंच. आत शिरल्यावर सगळं परकं होतं. मुर्रीच्या शाळेत एक खोली होती, चार वर्ग होते आणि एक गुरुजी. गुरुजी हजेरी घेत नसत. दारातून एक नजर टाकली की कोण आलं नाही ते त्यांना कळायचं, आणि का आलं नाही तेही कळायचं, कारण येताना त्यांनी त्याला बैलामागे पाहिलेलं असायचं. इथे पहिल्याच दिवशी हिशेबाचे केशोराव सर वही उघडून आकडे म्हणू लागले. एक, दोन, तीन. पोरं ‘हजर’ म्हणत गेली. शामकला आपलं नाव येण्याची वाट पाहत बसली. नाव आलंच नाही. दोन दिवस ती वर्गात बसून गैरहजर होती. तिसऱ्या दिवशी शेजारच्या मुलीने कोपर मारून सांगितलं की सत्तावीस म्हणजे तूच. त्या दिवशी ती घरी गेली आणि झोपताना तिने दोनदा हळूच म्हणून पाहिलं, मी सत्तावीस.

गोंधळ एक असता तर निस्तरला असता. मुर्रीला तिने घोकलं होतं की आपलं राज्य मध्य प्रदेश आणि राजधानी नागपूर. इथे भूगोलाच्या सरांनी विचारलं, तिने हात वर करून खणखणीत उत्तर दिलं आणि वर्ग हसला. राज्य आता मुंबई होतं. गेल्या दिवाळीच्या सुमारास बदललं होतं म्हणे. शामकलाने घरी येऊन आजूबाजूला पाहिलं. गोठा तिथेच होता, विहीर तिथेच होती, कोणीही कुठे हललं नव्हतं, तरी आपण एका राज्यातून दुसऱ्या राज्यात गेलो कसे, हे तिला काही केल्या कळेना. बाप दुधराम याला विचारलं तर तो म्हणाला, मलेबी कोनी पुसलं नाई. मधल्या सुट्टीत गोंदियातल्या पोरी हिंदीत भांडायच्या आणि हिंदीतच समेट करायच्या; हिला भांडण समजेपर्यंत त्यांचा समेट होऊन जायचा. इंग्रजीच्या तासाला एकच अक्षर चार तऱ्हेने लिहायचं होतं, मोठं, बारीक, छापील आणि वळणाचं. एका अक्षराला इतकी सोंगं कशाला लागतात, हे विचारायची सोय नव्हती. आणि मुख्य म्हणजे, या साऱ्या सरांपैकी आपले गुरुजी कोणते, हे तिला उमगलं नव्हतं. सगळेच थोडे थोडे तिचे होते, म्हणजे कोणीच नव्हते.

तरी ती जात होती, कारण न जाणं म्हणजे काय ते तिने घरात पाहिलं होतं. थोरल्या बहिणीला चौथीनंतर घरी बसवली आणि तिसऱ्या वर्षी तिचं लग्न लावून दिलं. थोरली आता सासरी होती आणि माहेरी आली की शामकलाची पुस्तकं हातात घेऊन नुसतीच चाळायची. घरात शब्द चालायचा मोठ्या बाबांचा, म्हणजे दुधरामच्या थोरल्या भावाचा, जागेश्वरचा. शामकलाला हायस्कुलात घालायचं हे तिची माय देवकाबाई हिने मनात धरलं होतं. पण जेठासमोर, म्हणजे थोरल्या दिरासमोर, तोंड वर करून बोलायची रीत नव्हती. म्हणून ती रोज दुधरामच्या कानाशी लागायची आणि दुधराम दर चार दिवसांनी भावापुढे जाऊन खाकरायचा. असा सारा उन्हाळा गेला. शेवटी जागेश्वर कंटाळला आणि हो म्हणाला, पण अट घालून म्हणाला.

“शिकू दे पोट्टीले. पन रोवनीत एक हात कमी पडाले नाई पायजे. अना शाळेतून एकदा जरी नाव निघालं, त मी कोनाच्या पाया पडाले जानार नाई. मंग थे घरीच बसन.”

आता रोवणी म्हणजे काय ते धान पिकवणाऱ्याला सांगायला नको आणि न पिकवणाऱ्याला सांगून कळायचं नाही. वाफ्यात दाट वाढवलेले पऱ्हे, म्हणजे धानाची रोपं, वीतभर झाले की उपटून बांधीच्या, म्हणजे पाणी अडवलेल्या शेताच्या, चिखलात एकेक करून लावायचे, आणि तेही पाणी आहे तोवर. पंधरा-वीस दिवस गावात दुसरं काही नसतं. मुर्रीचे गुरुजी त्या दिवसांत शाळेला आपणच कुलूप लावत. पोरं नाहीत तर शिकवायचं कोणाला? कुलूप लावून तेही छत्री घेऊन धुऱ्यावर, शेताच्या बांधावर, येऊन बसत आणि कोणाची ओळ वाकडी गेली ते सांगत. हे वर्षानुवर्षं चाललेलं. त्यामुळे रोवणीत शाळा नसते हे शामकलाला असंच माहीत होतं, जसं रविवारी नसते हे माहीत होतं. प्रश्न एवढाच की इथे अजून कुलूप का लागलं नाही.

जुलैचे तीन आठवडे झाले, मुर्रीत बांध्या भरल्या, चिखल झाला, आणि हायस्कूल आपलं सुरूच. मुलगी गुणाची होती. न विचारता जाणं तिच्या स्वभावात नव्हतं. विचारायचं म्हटल्यावर सगळ्यात मोठ्या माणसालाच विचारावं, खालच्यांशी बोलून काय उपयोग, असा तिने सरळ विचार केला आणि मधल्या सुट्टीत ती चैतरामपुढे जाऊन उभी राहिली.

“रोवनी लागली जी,” ती म्हणाली. “मी जाऊ का?”

चैतराम स्टुलावर बसून तंबाखू मळत होता. तो मूळचा दरेकशाकडचा. बापाची दोन-चार बांध्यांची जमीन भावाकडे सोडून तो गोंदियाला नोकरीला आला, त्याला अकरा वर्षं झाली होती. दरवर्षी या दिवसांत त्याच्या हातांना काहीतरी चुकल्यासारखं व्हायचं आणि ते हात लोखंडावर ठोके घालत राहायचे. त्याने तंबाखू तशीच मुठीत धरली आणि पोरीला विचारलं, कुठली, बांध्या किती, पऱ्हे कसे आलेत. शामकलाने सगळं सांगितलं. तीन आठवड्यांत त्या शाळेत तिला पहिल्यांदाच येणारे प्रश्न कोणीतरी विचारत होतं.

“मंग थांबून कायले राहिली?” चैतराम म्हणाला. “जाजो. रोवनी का कोनासाठी थांबते?”

“किती दिवस जाऊ?”

“होयेपरेंत.”

त्याला वाटलं, पोरीने आपल्या सरांकडे अर्ज दिला असेल आणि सहज बोलायला आली असेल. तिला वाटलं, झालं, हुकूम मिळाला. दोघंही आपापल्या परीने बरोबर होते, आणि असेच दोन बरोबर एकत्र आले की मोठी चूक होते. अर्ज नावाची वस्तू शामकलाने जन्मात पाहिली नव्हती. दहा दिवस अर्जाशिवाय गैरहजर राहिल्यास नाव कमी होईल असा कागद व्हरांड्यात लावलेला होता, तिने तो वाचलाही होता, पण तो आळशी पोरांसाठी असेल असं समजून ती पुढे गेली होती.

मग अठरा दिवस ती शहाणी होती. बांधीत तिला सगळं कळत होतं. कोणाच्या डाव्या अंगाला उभं राहायचं, मूठ कशी सोडायची, किती बोटं खोल लावायचं, कोणत्या बाईला चिडवलं की ती गाणं सुरू करते. देवकाबाई ओळीच्या टोकाला असायची. मुर्रीत तिच्या हाताला तोड नव्हती. बाकीच्या बाया निम्म्या बांधीत असत तेव्हा ही पलीकडच्या धुऱ्याला टेकलेली असायची. पहिल्याच दिवशी तिने पोरीला विचारलं की शाळेत विचारून आलीस ना. शामकला म्हणाली, हो माय, सगळ्यात मोठ्या मानसाले विचारलं. देवकाबाईने ते ओळीतल्या सगळ्या बायांना ऐकवलं. हायस्कूलच्या मोठ्या माणसाशी तिची लेक बोलली होती, ही काही लहान गोष्ट नव्हती, आणि ती कमीत कमी चारदा तरी सांगण्यासारखी होती.

तळ्याखालच्या खोल बांध्या तेवढ्या राहिल्या तेव्हा मायने तिला शाळेत पाठवलं. ऑगस्ट उजाडून आठवडा झाला होता. शामकला आपल्या बाकावर जाऊन बसली. केशोरावांनी हजेरी सुरू केली. पंचवीस, सव्वीस. सत्तावीस म्हणताच शामकला म्हणाली, हजर. आणि तिच्या मागून आणखी एक आवाज म्हणाला, हजर.

वर्गात दोन सत्तावीस कसे, हे पाहायला केशोरावांनी मान वर केली. शामकलाचं नाव खोडलेलं होतं आणि खालचे सगळे एकेक पायरी वर सरकले होते. कोणाला विचारून गेली होतीस, त्यांनी विचारलं. सगळ्यात मोठ्या माणसाला, ती म्हणाली. केशोराव चपापले. मुख्याध्यापकांनी परस्पर रजा दिली आणि आपल्याला कळवलं नाही, हे त्यांना जरा लागलं. ते तिला घेऊन तडक ऑफिसात गेले.

ऑफिसात टेबलामागच्या मोठ्या खुर्चीवर तो कागद वेचणारा म्हातारा बसला होता. शामकलाला वाटलं, कोणी नाही असं पाहून बसला असेल. पण केशोराव त्याच्यापुढे हात बांधून उभे राहिले. आणि दाराशी, बाहेरच्या बाजूला, चैतराम उभा होता, आणि तो बसत नव्हता. तिच्या डोक्यात सगळं उलटंपालटं झालं.

“मी रजा दिली?” मुख्याध्यापक म्हणाले. “ही मुलगी माझ्याकडे कधी आलीच नाही. कोणाला विचारलंस बाळ? घाबरू नकोस, दाखव.”

शामकलाने दाराकडे बोट केलं.

केशोराव हसले. मुख्याध्यापक हसले नाहीत. त्यांनी चैतरामकडे पाहिलं, आणि त्या पाहण्यात एक जुनी गोष्ट होती. मागच्याच वर्षी चैतरामने काही पोरांना सर्कस पाहायला फाटकातून सोडलं होतं, आणि पुन्हा असं झालं तर कोट उतरवून ठेवावा लागेल, असं त्याला बजावलेलं होतं. घरी बायको होती, तीन लेकरं होती.

“मी नाई साहेब,” चैतराम म्हणाला. “मले कायले विचारन थे?”

मुख्याध्यापकांनी आवाज चढवला नाही. नाव नियमाने कमी झालं आहे, पालकांना घेऊन ये, म्हणजे पाहू, एवढं ते म्हणाले. शामकला बाहेर आली. ती रडली नाही, कारण रडायला निदान काय झालं ते तरी कळायला हवं.

पालक म्हणजे मोठे बाबा, आणि मोठ्या बाबांनी काय सांगितलं होतं ते तिला पाठ होतं. दुसऱ्या दिवशी ती वेळेवर घरून निघाली, शाळेपर्यंत आली आणि फाटकाबाहेरच्या चिंचेखाली बसली. तिसऱ्या दिवशीही तेच. ठोका पडला की ती हिशेबाची वही मिटायची आणि भूगोलाची उघडायची. शेवटचा ठोका पडला की घरी जायची. माय विचारायची, आज का शिकवलं? ती काहीबाही सांगायची. सगळ्यात वाईट म्हणजे तिला हळूहळू स्वतःचीच शंका येऊ लागली. इतका मोठा माणूस, बिल्लेवाला, खोटं कसं बोलेल? मग आपण विचारलंच नसेल. मनातल्या मनात विचारलं असेल. पण मग पऱ्हे कसे आहेत असं कोणी विचारलं होतं? ती त्या स्टुलाकडे, त्या तंबाखूच्या मुठीकडे पुन्हा पुन्हा मनाने जायची आणि दर वेळी ते थोडं पुसट दिसायचं. दहा वर्षांच्या पोरीचा स्वतःच्याच आठवणीवरचा विश्वास उडवणं, याच्याइतकं हलकं काम मोठ्या माणसाच्या हातून दुसरं होत नाही, असं मला वाटतं.

चैतराम रोज तिला पाहत होता. ठोका घालताना त्याचं तोंड फाटकाकडेच असायचं.

पंधरा ऑगस्टला स्वातंत्र्याला दहा वर्षं झाली म्हणून शाळेत झेंड्यानंतर बुंदी वाटली. शामकलालाही त्याच वर्षी दहा पुरी होत होती. पुड्या हजेरीच्या वहीप्रमाणे मोजून आल्या होत्या, आणि वाटायला चैतरामच होता. सगळी पोरं पांगल्यावर तो आपली पुडी घेऊन फाटकाशी आला आणि गजांतून हात बाहेर काढून त्याने ती पुढे धरली.

शामकलाने हात मागे घेतले. “माझं नाव नाई वहीत,” ती म्हणाली.

तिने ते रागाने म्हटलं नव्हतं. तसा नियमच आहे, तुम्हाला माहीत असेलच, अशा समजुतीच्या सुरात म्हटलं होतं. चैतराम पुडी घेऊन माघारी गेला. ती त्याच्याने खाववली नाही, घरी नेऊन त्याने लेकरांना दिली.

रविवारी तळ्याखालच्या बांधीत रोवणी चालली होती. धुऱ्यावरून एक माणूस आला, अंगात बंडी, डोक्याला साधा दुपट्टा. शामकलाने पाहिलं आणि ओळखलं नाही. तो देवकाबाईपाशी येऊन थांबला आणि तिथेच, ओळीतल्या बायांदेखत, त्याने सांगून टाकलं की तुमच्या पोरीचं नाव शाळेतून निघालं आहे, ती आठ दिवस बाहेर झाडाखाली बसते आहे, तिने मला विचारलं होतं आणि मीच जा म्हणालो होतो.

“साहेबापुढं मी नाई म्हनलो,” तो म्हणाला. “मी भ्यालो बाई. पोरगी खरी होय.”

आवाजावरून शामकलाने त्याला ओळखलं. आपण विचारलं होतं. खरंच विचारलं होतं. तिला इतकं हलकं वाटलं की शाळा गेली ती गेली, हे क्षणभर तिच्या ध्यानातच राहिलं नाही.

देवकाबाईने हातातली मूठ तशीच धरली. वाकलेली होती ती सरळ झाली, पोरीकडे पाहिलं आणि विचारलं, “मले काऊन नाई सांगतलं?” शामकला म्हणाली, मोठ्या बाबांनी सांगितलं होतं ना, म्हणून. मायने मान हलवली आणि पुन्हा वाकून हातातली मूठ लावून संपवली. उद्या साहेबापुढे खरं बोलशील का, एवढंच तिने चैतरामला विचारलं, आणि तो हो म्हणाला.

रात्री तिने दुधरामला सांगितलं. जेठाला विचारलं असतं तर तिथेच सगळं संपलं असतं, आणि न विचारता ऐन रोवणीत बांधी सोडून जायचं, तर ओळीतला सगळ्यात चलाख हात कमी. दुधराम खाकरला. खाकरणं हा त्याचा धर्म, त्याहून जास्त त्याने भावापुढे कधी काही केलं नव्हतं.

“तू जाय,” तो म्हणाला. “तुया जागी मी लागतो.”

रोवणीच्या ओळीत पुरुष लागत नाही. पुरुषाने नांगरावं, चिखल करावा, पेंड्या वाहाव्या. वाकून रोवायचं ते बायांनी. सकाळी दुधराम धोतर खोचून बायकोच्या जागी ओळीच्या टोकाला उभा राहिला, तेव्हा बायांना हसू आवरेना. त्याची ओळ नदीसारखी वळत गेली. जागेश्वर धुऱ्यावर आला, त्याने भावाला तशा अवस्थेत पाहिलं आणि विचारलं, देवका कोटी गेली? दुधराम मान वर न करता म्हणाला, शाळेत. मोठे बाबा त्याला ओळीतून न उठवता घरी गेले, हे शामकलाला संध्याकाळी कळलं.

सकाळी त्याच वेळी ती मायच्या मागोमाग ऑफिसात शिरत होती. देवकाबाईच्या पायांना चिखल्या झालेल्या, बोटांच्या बेचक्यांत हळद भरलेली. पदर पुढे ओढून ती उभी राहिली. मुख्याध्यापकांनी खुर्ची दाखवली तर बसली नाही; बाजूला केशोराव उभे होते. चैतराम आपण होऊन आत आला. साहेब, पोरगी खरी होय, मीच जाजो म्हनलो, मी खोटं बोललो, असं त्याने एका दमात सांगितलं आणि तो कोटाच्या गुंड्यांकडे पाहत उभा राहिला. मुख्याध्यापक त्याला म्हणाले, तुझं नंतर पाहू. मग देवकाबाईकडे वळून म्हणाले, पण बाई, चैतरामने सांगितलं म्हणून काय झालं, तो शिपाई आहे, मुलीने योग्य ठिकाणी विचारायला हवं होतं.

देवकाबाई जन्मात परक्या पुरुषाशी इतकं बोलली नव्हती.

“गुरुजी, मी अडानी बाई,” ती म्हणाली. “पन आमच्या बांधीत नवी बाई रोवाले आली, का पयल्या दिशी तिले सांगावंच लागते, कोनाच्या बाजूले लागाचं, किती बोटं खोल लावाचं. नाई सांगतलं अना तिनं वाकडं रोवलं, त चूक तिची नाई, आमची होय. हे पोरगी तुमच्या येती तीन हप्ते बसली. सात मास्तर हायेत म्हनते. एकानं तरी तिले सांगतलं का, येती सुट्टी कोनाले मांगाची?”

केशोराव हातातल्या खडूकडे पाहू लागले. मुख्याध्यापकांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला.

“नाही सांगितलं,” ते म्हणाले. “सांगायला हवं होतं.”

ते चांगले गृहस्थ होते. चांगल्या माणसाला चूक दाखवावी लागते इतकंच. वाईटाला दाखवून उपयोग नसतो. चैतरामला त्यांनी, ठोक्याची वेळ झाली, जा, असं म्हणून कोटासकट बाहेर पाठवलं. नाव पुन्हा घालू, पण पालकाची सही लागेल, असं ते म्हणाले. घरचे मोठे येतील का, त्यांनी विचारलं. देवकाबाई म्हणाली, ते येणार नाहीत. मी आली, मी तिची माय होय. मुख्याध्यापकांनी थोडा विचार केला आणि ऑफिसच्या बाबूला कागद आणायला सांगितलं.

बाबूने कागद भरला, शाईची गादी पुढे केली आणि देवकाबाईचा अंगठा धरून कागदावर दाबला. उचलून पाहिलं तर नुसता काळा डाग. त्यात रेघा नव्हत्या. त्याने अंगठा पुसून पुन्हा दाबला. पुन्हा डाग. तिसऱ्यांदा तेच.

“रेघा कुठं गेल्या?” बाबू वैतागून म्हणाला.

“बांधीत,” देवकाबाई म्हणाली.

एकेक रोप अंगठ्याने चिखलात दाबायचं, दिवसातून हजारोंदा, तीन आठवडे पाण्यात. शामकलाने मायचा अंगठा रोज पाहिला होता, त्याच अंगठ्याने भरवलेले घास खाल्ले होते, पण त्यावरचं काही पुसून गेलं आहे हे तिला आज कळलं. बाबू म्हणाला, असा अंगठा चालत नाही साहेब, हा कोणाचाही असू शकेल. मुख्याध्यापकांनी कागद आपल्याकडे ओढला आणि ते तीन डाग पाहिले.

“हाच चालेल,” ते म्हणाले. “बाजूला यांचं नाव लिहा.” बाबूने टाक उचलला तसे ते म्हणाले, “तुम्ही नको. हिला लिहू द्या.”

शामकलाने टाक घेतला. कुठे लिहायचं, किती मोठं लिहायचं, हे तिने या वेळी आधी विचारून घेतलं. मग जीभ दातांत धरून तिने लिहिलं, देवकाबाई दुधराम, निशाणी अंगठा. खाली मुख्याध्यापकांनी सांगितलं तसं, दस्तुर शामकला, म्हणजे हे अक्षर शामकलाचं. बाबूने वही उघडून सगळ्यांच्या खाली, त्रेचाळीस या आकड्यापुढे तिचं नाव भरलं.

देवकाबाई कागदावर वाकली होती. पदर मागे सरकला तरी तिला भान नव्हतं. “यात मी कोनती?” तिने विचारलं.

शामकलाने बोट ठेवून दाखवलं. दे, व, का, असं एकेक अक्षर वाचून दाखवलं. माय बराच वेळ पाहत राहिली. छत्तीस वर्षांत तिने स्वतःचं नाव कधी पाहिलं नव्हतं, ते दिसतं कसं असा प्रश्नही तिला पडला नव्हता. शाई ओली होती म्हणून तिने हात लावला नाही.

“हे कोनाले खोडू देजो नको,” ती लेकीला म्हणाली, आणि बांधी अर्धी राहिली होती म्हणून ती निघाली.